एकोणतीसचा पाढा

एमआरआयच्या खोलीबाहेर मी घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, चष्मा आणि मोबाईल काढून एका ट्रेमध्ये ठेवला. "काकू, वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही," तिथल्या मुलीने बजावलं आणि मला त्या बोगद्यात सरकवलं. नाकापासून वीतभर अंतरावर छत आणि कानाशी कुणी पत्रा बडवावा तसा आवाज. जीव घाबरला. देवाचं काही म्हणावं, तर एक ओळ सुचेना. आठवला तो एकोणतीसचा पाढा.

चौथीत आमच्या बाई शाळा सुटताना वर्गाच्या दारातच खुर्ची टाकून बसायच्या. पाढा म्हणायचा आणि घरी जायचं. चुकला की पुन्हा रांगेच्या शेवटी. एकोणतीसने मला आठवडाभर रोज सगळ्यांच्या मागे ठेवलं. बाईंचा इतका राग होता की पुढे मोठेपणीसुद्धा त्या समोरून येताना दिसल्या, की मी रस्ता बदलायचे.

आता ओठही न हलवता मी म्हणत राहिले. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. संपला की पुन्हा पहिल्यापासून. चष्म्यापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं बाहेर राहिलं होतं. आत सोबतीला आलं ते बाईंनी दिलेलं.

कितव्या तरी खेपेला मी एकोणतीस दाहे दोनशे नव्वदवर पोचले, तेव्हा आवाज थांबला आणि मी झोपले होते ती फळी हळूहळू बाहेर सरकू लागली. वाटलं, बाईंनी दारातली खुर्ची जराशी बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "जा आता घरी."