बाबांनी पोटभर पानगे खाल्ले तो रविवार

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. आज वणी, उद्या उमरखेड, परवा आदिलाबाद. जेवण ही त्यांच्यासाठी दोन फेऱ्यांच्या मधे उरकायची गोष्ट होती. डबा उघडायचा, दोन पोळ्या, कोरडी भाजी, वरून पाणी, की निघाले. रिटायर झाले तरी तेच. आईची तव्यावरची पोळी फुगते न फुगते तोच ते हात धुवायला उठलेले असायचे. "आणखी घ्या ना," आई म्हणायची. "झालं," बाबा म्हणायचे. त्यांना काय आवडतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. या माणसाला भूक लागते का, असा प्रश्नही मला कधी पडला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात तूर सोंगून झाल्यावर एका रविवारी धाकट्या काकांनी आम्हाला शेतात पानग्यांच्या जेवणाला बोलावलं. काकांचं शेत पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला. बांधापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथला काकांचा एक दोस्त विस्तवाचा कारभार बघायला आला होता. काकूंनी जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवून ठेवली होती. त्या पोळी लाटायच्या, तेल लावायच्या, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि सगळं दुमडून हातानं थापायच्या. आई आणि मी खाली एक पळसाचं पान आणि वर एक पान लावून देत होतो. काकांचा दोस्त गोवऱ्यांचा धूर सरेपर्यंत थांबला, मग एकेक पानगा विस्तवात नेऊन निजवल्यासारखा ठेवला आणि वरून पुन्हा निखारे ओढले.

मी यवतमाळला राहते, तिथंच शाळेत शिकवते. रोज गॅसवर स्वयंपाक करते. त्या ढिगाऱ्याकडे बघून मला वाटत होतं, याच्यातून खाण्यासारखं काय निघणार? काकांच्या दोस्तानं पहिला पानगा काठीनं ओढून काढला, राख झटकली, जळालेलं पान सोललं. आत तांबूस, खरपूस भाकरीएवढा गोळा, आणि त्याच्यावर पळसाच्या पानाची शीर न् शीर उमटलेली. त्यानं तो दोन हातांत दाबला तसे पदर सुटे झाले आणि वाफ निघाली. त्या वाफेला गव्हाचा, धुराचा आणि ओल्या पानाचा असा वास होता की आम्ही सगळेच पुढे सरकलो.

पत्रावळीवर पानगा चुरला, त्यावर तूप, तुरीचं वरण, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. मी पहिला घास घेतला आणि बाबांकडे बघायचं विसरूनच गेले. दुसरा पानगा मी मागून घेतला. तिसऱ्याच्या वेळी नको म्हणायला तोंड उघडलं आणि काकूंनी तेवढ्यात वाढला. मला बरंच वाटलं.

मान वर केली तेव्हा काका हसत होते. बोट बाबांकडे.

बाबा मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, डोळे पत्रावळीवर. ते सावकाश चुरत होते, सावकाश कालवत होते, आणि प्रत्येक घास तोंडात इतका वेळ ठेवत होते की जणू त्याला काही विचारत आहेत. पत्रावळ रिकामी झाली. आम्हाला वाटलं, उठतील. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"वाढ."

काकूंनी वाढला. तो संपला. "वाढ."

"अहो, पुरे आता," आई म्हणाली.

"खाऊ द्या ना वयनी," काका म्हणाले. "भाऊ, निवांत खा. तुमाले इथून कोनी हाकलून नाही राह्यलं."

बाबांच्या कपाळावर घाम होता, मिशीला तूप लागलं होतं, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी देवळात बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितलंय. आमचं सगळ्यांचं जेवण थांबलं. विस्तवातले संपले तसा काकांचा दोस्त न सांगता उठला आणि उरलेल्या कणकेचे आणखी लावून आला. "असा जेवणारा मानूस मी माह्या आज्यानंतर आज पाह्यला," तो काकांना हळूच म्हणाला.

शेवटी बाबांनी हात आखडला. "झालं" म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले.

ऊन कलायच्या आत तमाशा सुरू झाला. बाबांना निजता येईना, बसता येईना. मोहाच्या झाडाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "छातीत दाटून आल्यासारखं होते." काकांचा चेहरा पांढरा पडला. माझंही पोट नगाऱ्यासारखं झालेलं, तरी मी कशीबशी गाडी काढली. मागच्या सीटवर आई बाबांची पाठ चोळत होती आणि सगळ्या पानग्यांना शिव्या देत होती. तो रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. इतक्या सुखाच्या जेवणाचा शेवट असा व्हायचा असेल तर, असा विचार मनात येई आणि मी तो पुढे जाऊ देत नसे.

पांढरकवड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, नाडी बघितली, पोट दाबलं.

"काका, काय खाल्लं?"

"पानगे."

"किती?"

बाबांनी जरा विचार केला. "मोजले नाही, बाई."

डॉक्टरीण बाईंनी पट्टी पुन्हा एकदा नीट बघितली आणि मग त्यांना हसू आवरेना. हृदय ठणठणीत होतं. औषध दिलं, या वयात असं खायचं नाही म्हणून दरडावलं, रात्री उपास सांगितला. मी बाहेर येऊन बाकावर टेकले.

आई बोलेना. घरी आल्यावरही नाही. बाबा अंगणात पोटावर हात ठेवून फेऱ्या घालत होते. शेवटी ती दारात येऊन उभी राहिली.

"जन्मभर माह्या हातचं खाल्लं. एकदाही नाही म्हटलं, वाढ म्हणून."

तिला पोटदुखीचा राग नव्हताच. मला ते तेव्हा कळलं.

बाबा थांबले.

"तुह्या हातचं बसून खाल्लंच कुठं मी," ते म्हणाले. "नुसतं गिळलं. आज कोनी उठवाले नव्हतं, तं समजलं, जेवन असं असते." मग जरा थांबून म्हणाले, "पोट लय दुखून राह्यलं. पन पस्तावा होईन म्हनशीन, तं नाही होत."

आई आत निघून गेली. थोड्या वेळानं ओव्याचं गरम पाणी घेऊन आली आणि ते पीत होते तोवर शेजारी उभी राहिली.

त्यानंतर पंधरवड्यानं तिनं मला यवतमाळहून येताना वाटेतून पळसाची पानं आणायला लावली. आमच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या तेव्हा एवढा धूर झाला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. काही पानगे करपले, एक आतून कच्चा निघाला. बाबांनी डॉक्टरीण बाईंचा शब्द राखला, बेतानं खाल्लं. पण आई आणि मी आमचं ताट बाजूला ठेवून बघत होतो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डबा भरला, तो माणूस आमच्या समोर बसून, घास घोळवत, डोळे मिटून जेवत होता.