शेवटच्या डब्याची पाटी

मला सातवीच्या पुढं शाळा नाही. दौंड स्टेशनात पॉइंट्समन होतो, जन्मभर डबे जोडले आणि तोडले. इंग्रजी अक्षरं शिकलो ती डब्यांवरनंच.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. ड्यूटीवरनं कवाही आलो तरी दारातच विचारायची, "जेवलात का?" तिच्या आजारपणात नातीनं तिला शब्द दिला होता, की शिरूरच्या भंगारातनं आणलेला कॉम्प्युटर मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालू करीन, आणि पडद्यावर पहिलं तुझंच वाक्य येईल. वर्षश्राद्धाला दोन दिवस उरले तरी ते डबडं 'बूट डिस्क नाही' यापुढं सरकेना.

"प्रोग्रॅमची सुरुवात असेंब्ली भाषेत लिहिली, बाकी सी भाषेत. ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर चूक दाखवत नाही, असेंब्लर दाखवत नाही. मग अडलंय कुठं?" पोरगी रडकुंडीला आली होती.

"चालू झाल्यावर ते बघतं काय?"

"माझा प्रोग्रॅम ज्यात आहे त्या पेन ड्राइव्हची पहिली पाचशे बारा घरं, आबा. त्यातल्या शेवटच्या दोन घरांत एक खूण लागते. ती नसली तर पुढं जातच नाही."

मी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा.

"ही तर आमची एलव्हीची पाटी. शेवटच्या डब्यामागं ती दिसल्याबिगर स्टेशन मास्तर गाडी पुरी आली म्हणत न्हाई. तुझी पाटी कुठं हाय?"

"आहे की. शेवटी."

"कशाच्या शेवटी? मालाच्या का गाडीच्या?"

तिनं फाइल उघडली आणि घरं मोजली. सीचा भाग दोनशेव्या घराच्या आसपास संपला होता, आणि खूण त्याला चिकटूनच बसवलेली.

"मग रिकामे डबे जोड," मी म्हणालो. "पाचशे दहा भरस्तोवर. आन् मग पाटी लाव."

तिनं एक ओळ घालून उरलेली घरं शून्यांनी भरली, असेंब्लर पुन्हा चालवला, पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू केलं. पडदा काळा झाला. मग पांढरी अक्षरं उमटली. त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजीत. डबा वाचावा तसं एकेक वाचलं. JEVLAT KA.

"न्हाई अजून," माझ्या तोंडातनं गेलं.

नातीनं डोळे पुसून पाठीत धपाटा घातला. "आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनाही सापडलं नव्हतं, पॉइंट्समन."

श्राद्धाला निमोण्याहून बायकोच्या माहेरची माणसं आली. त्यांना मी ते यंत्र पाच वेळा बंद-चालू करून दाखवलं. पाचही वेळा तिनं विचारलं. मग पानावर बसलो आणि पोटभर जेवलो.