खोटे चार दिवस

माझी पाळी गेली हे मी वर्षभर घरात कुणाला कळू दिलं नाही. खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या गल्लीतल्या माझ्या वयाच्या बायका तर पेढे वाटायच्या बेतात असत. "सुटली एकदाची कटकट" म्हणून हातावर टाळी देत. मी मात्र दर अठ्ठावीस दिवसांनी, काही झालेलं नसताना, चार दिवस बाजूला बसत होते.

यवतमाळजवळ कळंबला आमचं घर. घरात तीनच माणसं: सासूबाई, माझा नवरा आणि मी. मुलगी शिकायला नागपूरला हॉस्टेलवर. सासूबाईंच्या घरात त्या चार दिवसांत स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही बंद. न्हाणीला लागून एक खोली होती. तिथं एक चटई, माझी वेगळी ताटली, पेला, आणि वाचनालयातून आणलेली पुस्तकं. आजूबाजूच्या घरांतून ही रीत केव्हाच उठली होती. मुलगी सुटीत आली की माझ्यावर चिडायची, "आई, तू बी.ए. झालेली ना?" मी म्हणायची, "आजीच्या मागे बदलू." आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत होत्या आणि मी पन्नाशीला पोचले होते.

या रीतीचं कौतुक मला कधीच नव्हतं. नवी नवरी असताना त्या खोलीत मी संतापानं रडले आहे. मग तीच खोली मी खोटं बोलून का मागून घेत होते, ते सांगायचं तर आधी नवऱ्याबद्दल सांगावं लागेल.

ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस आतून उपसायचा, मुठीत दाबून ओल बघायची, धागा ओढून बघायचा, कवडी म्हणजे पिवळा पडलेला किडका कापूस किती आहे ते बघायचं आणि प्रत सांगायची. मूठभर कापूस पाहून सगळ्या गाडीचा निकाल. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून "तुमच्याकडे सगळं बरं आहे ना" असं दबक्या आवाजात विचारायचे, जणू घरोघरी साथ आली होती. केंद्रं उशिरा उघडत. गाड्या दोन-दोन दिवस रस्त्यावर उभ्या राहत. आणि सरकारपासून आभाळापर्यंत सगळ्यांवरचा राग निघे तो ज्याच्या हातात ती मूठ असे त्याच्यावर. घरी आले की हे हातपाय धुऊन जेवत आणि टीव्हीपुढे बसत. एक शब्द नाही.

पण मी बाजूला बसले की चहा त्यांना करावा लागे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे कपबशी घेऊन पायरी उतरवत नसे. हे माझा कप उंबऱ्याच्या आत फरशीवर ठेवत, हात लागू न देता, आणि स्वतःचा कप घेऊन बाहेर पायरीवर बसत. मी आत भिंतीला टेकून, ते बाहेर अंगणाकडे तोंड करून. आणि तिथं ते बोलत. एकमेकांकडे बघायचं नसलं की काही माणसांना बोलता येतं. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही जे काही खरं बोललो ते बहुतेक त्या उंबऱ्यावर.

एका म्हातारीचं त्यांनी असंच सांगितलं होतं. ती एकटीच गाडी घेऊन आली होती. यांनी कापसाला खालची प्रत सांगितली. ती भांडली नाही. यांच्या हातातला तो मूठभर कापूस तिनं काढून घेतला, गाडीत परत ठेवला आणि वरून हात फिरवला. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं," हे म्हणाले. चहा निवून गेला, पण ते उठले नाहीत.

तर अशी ती पाळी एका भादव्यात महालक्ष्म्यांनंतर आली आणि पुढच्या महिन्यात आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला काही नवल वाटलं नाही. वर्ष-दीड वर्ष अंगातून वाफा निघत होत्याच. पोळ्या लाटताना एकदम मानेपासून कपाळापर्यंत आग लागायची आणि घामानं ब्लाउज चिकटायचा. हनुवटीवर दोन राठ केस उगवले होते, ते मी चिमट्यानं उपटायची आणि ते पुन्हा हजर. राग तर नाकाच्या शेंड्यावरच बसलेला. कुणी वाटी जोरात ठेवली तरी डोकं फिरे. आपण उतरणीला लागलो हे समजत होतं. फक्त मोठ्यानं म्हणायची हिंमत होत नव्हती.

कार्तिकात एका संध्याकाळी हे घरी आले तेव्हा शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती आणि मानेवर ओरखडा होता. स्वयंपाकघरात आले, माठातलं पाणी प्याले आणि माझ्या मागे उभे राहिले. मी काही विचारलं नाही. विचारून हे सांगणार थोडेच होते, असं मला वाटलं. मी भाजीला फोडणी दिली. ते गेले बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी बाजूला बसते."

खोटं इतकं सोपं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चहा आला आणि हे पायरीवर बसून सगळं बोलले. कुणी कॉलर धरली आणि कोण मधे पडलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला सुख वाटत होतं. एका माणसाची कॉलर धरली गेली आणि त्याच्या बायकोला सुख वाटत होतं. असंच होतं ते.

मग दर महिन्याला. दुकानातून पुडकं आणायचं, कोरी पॅडं कागदात गुंडाळून बंबात जाळायची. कॅलेंडरवर चौकोनात बारीक टिंब करायचं. सासूबाई ते टिंब बघत हे मला माहीत होतं, म्हणून खोट्या तारखासुद्धा मी काटेकोर ठेवल्या. चटईवर बसून पुस्तक उघडायची आणि ओळी डोळ्यांपुढून नुसत्या जायच्या. त्या खोलीत बसायचा आपला हक्क संपलाय, आपण दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसलोय, असं वाटायचं. पाळी आली की वैताग, आणि गेली तेव्हा तिच्यासारखं दुसरं काही राहिलं नाही म्हणून जीव रडकुंडीला आलेला. माझी मलाच लाज वाटायची.

वर्ष व्हायला आलं आणि पुन्हा महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या तीन दिवस बसतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर बांधायचा फुलोरा, सगळं सोवळ्यात. सासूबाईंनी आधी आठ-दहा दिवस चष्मा लावून कॅलेंडर पाहिलं.

"तुही तारीख तं जेवणाच्या दिवशीच येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "गोळ्या आणल्या का?"

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. दर वर्षी तारीख जवळ आली की आमच्या भागातल्या निम्म्या बायका औषधाच्या दुकानात जातात. दुकानदाराला नाव सांगावं लागत नाही, भादव्यात तो आपणच पाकीट पुढे करतो. स्वतःच ठेवलेल्या टिंबात मी सापडले होते. सांगता आलं असतं, "आई, आता गरज नाही." एवढंच तर वाक्य. पण ते म्हटलं की खोली गेली, पायरी गेली. मी गोळ्या आणल्या. सासूबाई रोज स्वतः पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. जिभेखाली धरून नंतर थुंकता आली असती. मी गिळल्या. खरं सांगायचं तर मनात एक वेडगळ आशाही होती. बघू तरी, आत अजून काही उरलंय का.

उरलं होतं. विसर्जन झालं, गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगावरून गेलं. मी न्हाणीत उभी राहून हसले. एखाद्या पोरीसारखी. त्या महिन्यात मी खोलीत खरी बसले. हे चहा घेऊन आले, बोलले. यंदा केंद्र उघडेल की नाही याचीच खात्री नाही, उघडलं तर आपल्याला जायची इच्छा नाही, असं म्हणाले.

पण पाचव्या दिवशी थांबलं नाही. आठव्याही नाही. दहाव्या दिवशी भिंत धरून उठले तर डोळ्यांपुढे अंधार. सासूबाई पुटपुटायला लागल्या, "असं काहून होऊन राह्यलं हिले." यांनी रजा टाकली आणि आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. हे शेजारच्या खुर्चीवर. वय विचारलं, लेकरं किती विचारलं. मग, "पाळी नियमित येते?"

"हो," मी म्हटलं.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

मी गोळ्यांचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहीत राहिल्या. म्हणाल्या, "गोळ्यांनंतर कधी कधी जास्त जातं. थांबायचं औषध देते, काळजी नको. पाळी बंद होऊन वर्षभरानं असं झालं असतं तर मात्र आतला तुकडा काढून तपासावा लागला असता. तिथं कॅन्सरची भीती असते."

कागद त्यांनी पुढे केला. यांनी तो घेतला, नीट घडी घातली. आम्ही उठलो. मी दाराशी थांबले. आता बोलले नाही तर घरी कुणालाच कळणार नाही. आणि कदाचित त्यानंच मरेन. दोन्ही एकदम डोक्यात आलं आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी खरोखर तोललं. मग मागे फिरले.

"बाई, वर्ष झालं. गेल्या भादव्यापासून काहीच नव्हतं."

डॉक्टर बाई यांच्याकडे बघायला लागल्या. हे माझ्याकडे. "दर महिन्याले तं बसत होती तू," ते म्हणाले. मी खाली बघितलं. डॉक्टर बाईंनी पेन ठेवलं आणि मला चांगलंच झापलं. शिकलेल्या बायका असं करतात तर बाकीच्यांनी काय करावं, असं. ते ऐकताना मला बरंच वाटलं, कारण त्या बोलत होत्या तोवर हे काही बोलू शकत नव्हते.

दोन दिवसांनी तुकडा काढला. निकालाला आठ दिवस. त्या आठ दिवसांत हे माझ्याशी पाण्याचा पेला, औषधाची वेळ, एवढंच बोलले. सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं, देवाधर्माशी खोटं वागले म्हणून त्या घर डोक्यावर घेतील. "वर्षभर मले खिचडी कराले लावली तुनं," एवढंच म्हणाल्या. आणि मग, "चाल, आता बारा महिने सैपाकाले अडत नाही." त्या दुपारी मी खोलीतली चटई उचलली आणि तिथं गहू-तांदळाच्या कोठ्या सरकवल्या. कोठ्या सरकवताना मी रडले. मरणाचं भय होतं, ते होतंच. पण रडले ते त्याच्यासाठी नाही.

निकाल चांगला आला. हेच यवतमाळला जाऊन घेऊन आले. मी पोळ्या करत होते. त्यांनी कागद ओट्यावर ठेवला, म्हणाले, "काही नाही निघालं," आणि तिथंच उभे राहिले. मी गॅस बंद केला.

"तू वर्षभर खोटी बसली," ते म्हणाले. "कायले?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"त्या चार दिवसांत तुम्ही बोलता म्हणून," मी म्हटलं. "बाकी चोवीस दिवस मी या घरात आहे का नाही, तुम्हाला पत्ता नसतो. तोंड उघडत नाही तुम्ही. मी म्हातारी झाले, आता ते चार दिवसही गेले, मग मी काय करायचं?"

बोलता बोलता मला पुन्हा ती आग आली, मानेपासून वर. पदरानं तोंड पुसलं. वर्षभर मनात धरलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं, आणि आता त्यांनी खाली मान घालावी अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी मान खाली घातली नाही. ते जरा वेळ विचार करत राहिले, कापूस हातात धरल्यावर करत असतील तसे.

"त्या चार दिवसांत तुले काही काम नसते," ते म्हणाले. "बाकीच्या दिवशी मी येतो न तुह्यापाशी. इथंच येऊन उभा राहतो. तू म्हणते, सरका, मले काम आहे."

मी तोंड उघडलं. काहीतरी चोख उत्तर माझ्याकडे नेहमीच असतं. पण त्याच सकाळी, ते निकाल आणायला निघण्याआधी, मी त्यांना दोनदा सरका म्हटलं होतं.