डाव्या बाजूचा ब्रेक

जिची भीती वाटत नाही अशी एखादी वस्तू ब्रेकरावांसाठी शोधायची म्हटली, तर उशीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिथेही ते म्हणाले असते, "उशीने मान अवघडते." पण त्यांना लगेच हसू नये. छत्तीस वर्षं त्यांनी विम्याच्या कचेरीत अपघात विभागात काढली होती. गाडी पुलावरून खाली, गाडी झाडावर, गाडी उभ्या ट्रकच्या पाठीत, आणि प्रत्येक फायलीला टाचलेले फोटो. रस्त्यावर माणूस कसकसा मरू शकतो, हे या गृहस्थांना तोंडपाठ होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांच्या पाठी तो क्रमांक घालून, फायलीला नाडी बांधून यायचा.

अशा माणसाची बायको मोटार शिकवणारी निघाली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिच्या छोट्या गाडीला दोन ब्रेक होते: एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक डाव्या बाजूला तिच्या पायाशी, शिकाऊ माणूस भिंतीकडे निघाला की दाबायला. दोन हजारांवर लोकांना तिने रस्त्याला लावलं, पण दिव्याखाली अंधार. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने नवऱ्याला परवाना मिळवून दिला, तर परीक्षा पास होऊन घरी येताना त्यांनी स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला. त्या दिवशी त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली ती ठेवलीच. परवान्याची मुदत संपत आली की मास्तरीणबाई मात्र न चुकता तो नव्याने करून आणी. "असू दे कागद. कागद काय खायला मागतो?"

दोघंही कामातून मोकळी झाली, तेव्हा एका दुपारी चहा पिताना ती म्हणाली, "आयुष्यभर त्याच चार गल्ल्यांतून वीसच्या वेगाने फिरले मी. एकदा तरी सरळ रस्ता बघायचाय. लेकीकडे जायचं ते गाडीनेच."

लेक दोन खंड ओलांडून पलीकडे, समुद्राकाठी राहत होती. ब्रेकरावांनी बशी खाली ठेवली.

"कुठली गाडी?"

"हीच."

"अगं, तिला दोन ब्रेक आहेत!"

"मग बरंच की. एक तुम्हाला."

त्यांनी सहा महिने हरकती घेतल्या. सगळ्या तिने ऐकून घेतल्या आणि दोघांच्याही नावाने परदेशात गाडी चालवायचे परवाने काढून आणले.

असे ते निघाले. पहिले दहा दिवस ब्रेकराव जीव मुठीत धरून बसले आणि कुत्रं दिसलं, मांजर दिसलं, झाडाची सावली दिसली की ब्रेक दाबत राहिले. गाडी गचका खाऊन थांबायची आणि मागची भांडी पुढे यायची. "अहो, पाय आवरा!" मास्तरीणबाई कडाडायच्या. "शिकाऊ पोरं परवडली तुमच्यापेक्षा!"

तिसऱ्या सीमेनंतर दुष्काळात तेरावा महिना आला. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत. हिचं स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे पुढे ट्रक असला की पलीकडचं काही तिला दिसेना. ते दिसायचं डावीकडे बसलेल्याला. पुढे जावं की थांबावं, हे आता ब्रेकरावांनी सांगायचं होतं. ते खिडकीतून मान काढून बघायचे, दोन किलोमीटरवर ठिपका दिसायचा, आणि ते म्हणायचे, "थांब." एका मेंढ्यांच्या ट्रकमागे ते चाळीस किलोमीटर गेले. शेवटी मेंढ्या यांना ओळखायला लागल्या.

रात्री मुक्कामाच्या खोलीत ते पाठीवर पडून मनातल्या मनात उद्याची फाइल लिहायचे. वाहन चालक: पत्नी. सहप्रवासी: पती. इथपर्यंत आलं की पुढचा रकाना भरवत नसे. मरणाचं एक वेळ ठीक, पण हिच्याशिवाय मागे उरलो तर काय? शेजारी ती गाढ झोपलेली असायची.

पाचव्या देशात दोन बारीकशा गोष्टी घडल्या. एका सकाळी मास्तरीणबाई खोलीतून गाडीपर्यंत चालत आल्या त्या एकच चप्पल घालून. उजवा पाय अनवाणी, आणि खाली खडी.

"अगं, दुसरी चप्पल?"

तिने खाली पाहिलं. "वेंधळेपणा, दुसरं काय," असं म्हणून ती हसली आणि परत गेली. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी चालवताना ती मधूनमधून पायांकडे बघते. हीच बाई शिकाऊंच्या डोक्यात टपली मारून सांगायची, "पेडल डोळ्यांनी नाही, पायाने ओळखायचं!" वय झालं, असं ब्रेकरावांनी मनाशी म्हटलं आणि ते परत रस्त्याला घाबरायला लागले.

मग घाट आला. वर चढून झालं होतं, आता अडतीस किलोमीटर उतार. उजव्या हाताला, तिच्या बाजूला, दरी. कठडा कुठे होता, कुठे नव्हता. "चढताना जो गिअर, उतरताना तोच," मास्तरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि गाडी दुसऱ्यात घालून निघाल्या. नऊ वळणं नीट गेली. दहाव्या वळणापलीकडे लाकडं भरलेला ट्रक रस्त्यातच उभा होता.

तिने पाय हलवलेला ब्रेकरावांनी पाहिला. आणि गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरत पुढे उसळली.

ब्रेकरावांनी दोन्ही पाय खाली रोवले. टायर किंचाळले, गाडी तिरकी झाली आणि बंद पडली. समोरच्या काचेपासून हातभर अंतरावर लाकडाचे ओंडके होते.

ते ओरड्याची वाट बघत होते. ओरडा आला नाही. मास्तरीणबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्पपणाने ब्रेकरावांची जी पाचावर धारण बसली, ती दरीनेही बसली नव्हती.

"मला वाटलं, ब्रेकवर पाय ठेवलाय," ती म्हणाली. "तो दुसऱ्याच पेडलवर होता. अहो, उजवा पाय मला कळतच नाही."

"कधीपासून?"

"आपण निघायच्या आधीपासूनच पायाला मुंग्या येत होत्या. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे. पंधरा दिवस झाले, आता काहीच लागत नाही."

"आणि तरी निघालीस? तरी चालवत राहिलीस?" ब्रेकराव आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मेलो असतो दोघं!"

"पुन्हा निघता आलं नसतं हो. आणि डावीकडे तुम्ही होतात." तिचे डोळे भरले होते, पण जिभेची धार काही गेली नव्हती. "दोन हजार लोक शिकवले मी. वेळेवर ब्रेक मारणारा एकच निघाला."

यावर हसावं की तिला गाडीतून उतरवावं, हे त्यांना कळेना. तिने त्यांना फसवलं होतं. आणि जी भीती ते सोबत घेऊन आले होते, जिच्यावरून मुलगीसुद्धा त्यांना ब्रेकराव म्हणून चिडवायची, तिच्या भरवशावर ही बाई अर्धं जग ओलांडून आली होती. त्यांना भयंकर राग आला होता आणि नकळत धरलेला तिचा हात सोडवत नव्हता.

"इथून पुढे तू चालवायची नाहीस," ते म्हणाले.

"बरं. मग कोण चालवणार?"

ट्रकवाल्याने ओंडके परत आवळून बांधले आणि तो निघून गेला. रस्ता मोकळा झाला. ना बस, ना वस्ती, ना मोबाइलला रेंज. ब्रेकराव उतरले. गाडीला वळसा घालून दरीच्या बाजूने उजव्या दाराशी आले, आणि दाराला धरून पोटातलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. मग तोंड पुसून ते आत बसले.

"पाय कापतायत," ते म्हणाले.

"कापू देत. कळतायत ना?" मास्तरीणबाई तोवर डावीकडे सरकल्या होत्या आणि त्यांनी डावा पाय ब्रेकवर धरला. "दुसरा गिअर. वळणाआधी हॉर्न. माझ्याकडे बघू नका."

उरलेले सव्वीस किलोमीटर उतरायला तीन तास लागले. तेवढ्यात मागून आलेल्या एका सायकलवाल्याने यांना गाठलं, हात केला आणि तो पुढे निघून गेला. तिने तीनदा ब्रेक मारला, ती तीनदा कडाडली, आणि तो ओरडा ऐकून ब्रेकरावांना पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला. चुकलो तर ती आहे, एवढंच ते प्रत्येक वळणाला मनात म्हणत होते. पाठ घामाने सीटला चिकटली होती.

मग दरी संपली. दोन्ही बाजूंना नुसतं गवत, आणि मध्ये नाकासमोर गेलेला रस्ता.

"आला बघा सरळ रस्ता," ती म्हणाली.

ब्रेकरावांनी तिसरा गिअर टाकला. हातांची पकड काही सैल होईना, पण काटा चाळिसावर गेला. बराच वेळ ती काही बोलली नाही, म्हणून, बघू नका म्हटलेलं असताना, त्यांनी क्षणभर डावीकडे पाहिलं. ब्रेकच्या पेडलजवळ तिच्या दोन्ही चपला जोडीने काढून ठेवल्या होत्या, आणि मास्तरीणबाई सीटवर मांडी घालून खिडकीबाहेर बघत होत्या.

"अगं, पाय खाली ठेव!"

"कशाला?" तिने मान वळवलीसुद्धा नाही.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीत आता एकच ब्रेक उरला होता, आणि तो त्यांच्या पायाखाली होता.