गॅसमधलं पाणी

नानांनी झाकलेली स्टीलची वाटी माझ्यासमोर आदळली आणि वरची ताटली काढली. "साहेब, गॅसच्या नावाखाली पाणी विकता का?"

नाना म्हणजे जळगावातल्या एका डाळमिलचे मालक. मी वेल्डिंगचा गॅस पुरवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा डेपो नवा होता. नानांनी टाक्या परत केल्या असत्या, तर बाकीचे मिलवालेही त्यांच्या मागे गेले असते. मग डेपोला कुलूप आणि माझी उचलबांगडी.

झालं असं होतं की, ऐन तुरीच्या हंगामात धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा ब्रॅकेट तुटला. मिलच्या प्रकाश मिस्त्रीनं तो आमच्या गॅसनं दोनदा जोडला, दोन्ही वेळा सुटला. ज्योत फुरफुरत होती म्हणे. नळी काढून झटकली, तर वाटीत हे 'पाणी' आलं.

मी सांधा पाहिला. बारीक भोकंच भोकं. वाटीत बोट बुडवलं. बोट गार पडलं आणि लगेच कोरडंही झालं. मला काय ते कळलं, पण नुसत्या सांगण्यानं नाना ऐकणाऱ्यातले नव्हते.

कोपऱ्यात नव्या वजनकाट्याचं खोकं पडलं होतं. त्यातला थर्माकोलचा तुकडा मी उचलला.

"नाना, हे पाणी असेल तर तुकडा तरंगत राहील. राहिला तर टाक्या मीच उचलून नेतो."

"टाका."

तुकडा आक्रसला, चिकट लगदा झाला आणि बुडाशी बसला. नाना वाटीकडे बघतच राहिले.

"हे अ‍ॅसिटोन," मी म्हणालो. आमचा अ‍ॅसिटिलीन भलताच तापट गॅस. ऑक्सिजनबरोबर जाळला की तीन हजार अंशांवर जातो. पण नुसता दाबून भरला, तर ठिणगीशिवायही फुटतो. म्हणून टाकीत सच्छिद्र भरण घालतात, त्यात अ‍ॅसिटोन मुरवतात आणि गॅस त्यात विरघळवतात. सोड्याच्या बाटलीसारखंच. टाकी उभी असली की वरून गॅसच येतो. आडवी केली की अ‍ॅसिटोनही येतं आणि सांध्याची वाट लावतं.

"टाकी आडवी कोणी केली?" मी विचारलं.

मिस्त्री नानांकडे बघत म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगं व्हतं ना. आडी कर, बठ्ठा गॅस निंघी जाई." बठ्ठा म्हणजे सगळा.

नाना जरा वरमले. "अहो, घरी शेगडी मंदावली की आमची अक्का टाकी आडवीच करते. एक वेळचा स्वयंपाक निघतो."

"अक्कांनाही सांगा, तेही धोक्याचंच आहे. आणि ही टाकी तर आडवी करायचीच नाही."

ती टाकी मी बाजूला उभी करून ठेवायला लावली. डेपोतून त्याच लॉटची दुसरी टाकी उभीच आणवली, नळ्या आणि रेग्युलेटर बदलले. मिस्त्रीनं ज्योत लावली. निळी, स्वच्छ, स्थिर. सांधा असा बसला की घण मारूनही हलला नाही. एलिव्हेटर सुरू झाला, तूर वर चढू लागली आणि मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रीला मिठीच मारली.

पुढच्या महिन्यात मिलवाल्यांच्या बैठकीला मलाही बोलावणं आलं. नाना उभे राहून सगळ्यांना समजावत होते, "अ‍ॅसिटिलीनची टाकी कधीही आडवी करू नका. आत अ‍ॅसिटोन असतं. लोकांना साधी अक्कल नसते."

मी मान डोलावत राहिलो. बैठक संपेपर्यंत माझ्या डेपोला चार नवी गिऱ्हाइकं मिळाली होती. ज्ञान कोणाच्या नावावर खपतं याच्याशी सर्व्हिस इंजिनियरला काही देणंघेणं नसावं, टाकी उभी राहिली म्हणजे झालं.