तोंडानं वाजवलेला हॉर्न

मॅडम गेल्याचा फोन मीच घेतला. कुपवाडच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट नुकतीच चालू झालेली, आणि पलीकडनं अमोल, त्यांचा फौजेतला मुलगा, एवढंच म्हणाला, "आई गेली गड्या." मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, तर कुणाला खरंच वाटेना. स्टोअरमधले पवारमामा म्हणाले, "आरं, असल्या गोष्टीची तरी नक्कल करू नगंस." त्यांचं चुकलं नाही. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढतो, मॅडमचा तर हुबेहूब. माझं तोंड बघून मामांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली...

शैला मॅडम आमच्याकडं प्लॅनिंग बघायच्या. पंप म्हणजे एका ठिकाणी बनणारी वस्तू नव्हं. बिडाची बॉडी कराडकडच्या फौंड्रीतनं येते, मोटर कोइमतूरहून, रबरी सील पुण्याहून. यातलं एक जरी आलं नाही तरी बाकीचं सगळं धूळ खात पडतं. पूर्वी हा कारभार आरडाओरड्यावर चालायचा. मॅडमनी मालकांच्या मागं लागून प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर आणवलं. ऑर्डर टाकली की कुठला माल कुणाकडनं कधी मागवायचा ते सांगायचं, आणि साधं सील उशिरा येणार असं भरलं तरी त्यापायी कुठल्या गिऱ्हाइकाचा पंप अडणार ती ओळ लाल व्हायची. मग त्याच्या जागी दुसरा पंप पुढं घ्यायचा, गिऱ्हाइकाला आधीच कळवायचं. गोम एकच होती. ते बिचारं लय भोळं, माणूस सांगंल ते खरं धरायचं. आणि आमच्या भागातला माणूस 'नाही' म्हणायला लाजतो. ओतलेली बॉडी अजून गरम असली तरी 'गाडी निघाली' म्हणणार. समोरच्याचं मन कशाला मोडा!

मी त्यातलाच. तेव्हा मी त्या कराडकडच्या फौंड्रीच्या ऑफिसात कामाला होतो. मॅडमचा फोन आला, "गाडी निघाली का?" तिथल्या मालकांनी लांबूनच 'हो म्हण' अशी मान हलवली. मी म्हणलं, "आत्ताच निघाली बघा." तर म्हणाल्या, "मग ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांग." गाडी दारात रिकामी उभी, ड्रायव्हर गेलेला चहाला. शाळेच्या गॅदरिंगला यष्टीचा आवाज काढून बक्षीस घेतलेला माणूस मी. फोन जरा लांब धरला आणि तोंडानं वाजवला.

पलीकडनं आवाज आला, "चांगला जमलाय. पण तुमच्या टेंपोचा हॉर्न असा न्हाई रं. ही यष्टी हाय." मला हसूही येईना. "खरं कवा निघंल ते सांग. उद्या म्हणलास तरी मी रागावणार न्हाई. फक्त आज म्हणू नगंस."

पुढं त्यांनीच मला कुपवाडला आणलं. म्हणाल्या, "तुला खोटं लय चांगलं जमतं, म्हणजे दुसऱ्याचं लगेच वळखशील." मग आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरनं एकेका माल देणाऱ्याकडं जायला लागलो. मॅडम चहा घेत विचारायच्या, गावची जत्रा कधी, ऊस तोडायला माणसं कधी जातात, पावसात घाट बंद पडला तर माल कुठनं येतो. सॉफ्टवेअरला फक्त रविवार माहीत होता, मॅडमनी त्याला सगळ्या जत्रा शिकवल्या. त्या मूळच्या भूकंपाच्या कोयनानगरच्या, वडील धरणावर कामाला. सगळ्यांना एकच सांगायच्या, "आमच्याकडं जमीन सांगून हलत न्हाई. माणसानं तरी सांगावं." हळूहळू लोक खऱ्या तारखा द्यायला लागले. गाडी निघाली की ड्रायव्हर आपणहून मॅडमच्या टेबलावरच्या फोनवर एक हॉर्न द्यायचा, बोलायचा काही नाही. मॅडम 'निघाली' असं भरायच्या.

त्यांचं पोटाचं दुखणं निघालं ते फार पुढं गेल्यावर. मिरजेच्या दवाखान्यात मी डबा घेऊन जायचो. एका दुपारी बाहेर डॉक्टर त्यांच्या मिस्टरांशी, सरांशी, बोलत होते, मी शेजारीच होतो. सर विश्रामबागच्या कॉलेजात शिकवायचे, हळवा माणूस. आत येऊन बायकोला म्हणाले, "दिवाळीपर्यंत घरी जाशील," आणि औषध आणायला म्हणून निघून गेले. अमोलची रजाही दिवाळीचीच मंजूर होती.

मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "डॉक्टर बाहेर काय म्हणाले? त्यांच्याच आवाजात सांग."

मी घसा खाकरला. डॉक्टरांचा तो जड, नाकातला आवाज काढला. "काळजी करायचं काही कारण नाही. गुण चांगला येतोय. दिवाळीचा फराळ घरीच करायचा."

मॅडमनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा तोंडानं वाजवलेला हाय रं..."

मग मी माझ्याच आवाजात सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, दिवाळीची वाट बघू नका."

"कवापर्यंत?"

"पंधरा-वीस दिवस, मॅडम."

मॅडम रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे अमोलची रजा चुकीच्या तारखेला पडलीय. त्याला आत्ता बोलव."

सर भयंकर चिडले. "हे सांगायचा अधिकार तुला कुणी दिला?" म्हणाले, आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. मलाही रात्री झोप यायची नाही. चुकलंच का आपलं?... पण अमोल तीन गाड्या बदलून आला तेव्हा मॅडम बोलत होत्या. पाच-सहा दिवस मायलेकरं बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नाही, मी डबा दारातच ठेवायचो. नंतर त्यांची वाचा गेली. दिवाळी अजून लांबच होती. तेराव्याला सरांनी मला हाक मारून आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

मध्ये ऑफिसात कुणीतरी म्हणालं, मॅडमच्या आवाजात एक फोन लाव की कराडला, माल पळत येईल. तो आवाज मला अजून येतो. पण मी काढत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. फौंड्रीचा ड्रायव्हर तानाजी. हॉर्न नाही, नुसताच श्वास. मग म्हणाला, "मॅडम न्हाईत तर... आता वाजवायचा का न्हाई?"

"निघालास का?"

"न्हाई अजून. बॉडी गरम हाय. दुपारी भरत्याल."

हॉर्न त्याच्या हाताखालीच होता. दाबला असता तर मला कळलंही नसतं. मी सॉफ्टवेअरात 'दुपार' भरली. एक ओळ लाल झाली, मी दुसरा पंप पुढं घेतला.

दुपारी फोन वाजला. मी उचलला आणि गप्प राहिलो. तानाजीनं हॉर्न नेहमीपेक्षा जास्तच वेळ दाबून धरला. तो थांबेपर्यंत मी फोन खाली ठेवला नाही.