करंजाखाली उभा राहिलेला नारळ

नमस्कार मंडळी. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं नेमाने वाचतो आणि नेमाने नाक मुरडतो. बायको म्हणते, मग वाचता कशाला? तर चुका काढायला! कुणाला विहिरीपाशी बाई दिसली की मी विचारणार, अंतर किती होतं, उजेड किती होता, चष्म्याचा नंबर काय. मी सिव्हिल इंजिनियर आहे. पाणीपुरवठ्याच्या कामात तीस वर्षं गेली, आता वरिष्ठ पदावर आहे, आणि पाणी उताराने खाली येतं यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नाही. भोरच्या आमच्या घरात देवपूजा हे पूर्णपणे बायकोचं खातं.

त्यात माझा खास राग पाणाड्यांवर. आमच्याकडे बोअर घ्यायची म्हटली की लोक आधी पाणाडी बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो आणि जिथं नारळ शेंडी वर करून उभा राहतो तिथं म्हणे पाणी. या प्रकाराविरुद्ध मी गावोगाव भाषणं ठोकली आहेत. शिवऱ्याला एका पाणाड्याला भर सभेत विचारलं होतं की बाबा, नारळाच्या पोटातच पाणी असताना तो बाहेरचं कशाला शोधत बसेल? लोक खूप हसले. तो बिचारा चहा न घेताच निघून गेला.

आता माझं ऐका.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. मार्गासनीच्या पुढे वेल्ह्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. नाव देत नाही, कारण तिथल्या सरपंचबाई हे सदर वाचतात. गावाची टाकी एका टेकाडावर, आणि तिथून सव्वा-दीड किलोमीटरवर पलीकडच्या उतारावर वाडी. मधे जमिनीखालून पाईप. रोज सकाळी सातला टाकीजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा की वाडीला पाणी... असा हिशोब. पण त्या उन्हाळ्यात टाकी निम्मी रिकामी व्हायची आणि वाडीच्या नळाला करंगळीएवढी धार. वाडीच्या बायका हंडे घेऊन थेट ग्रामपंचायतीत येऊन बसल्या.

मग पाणी जातंय कुठं? लोकांचं उत्तर तयार होतं — किसनतात्या. हा गावचा व्हॉल्व्हमन. एकोणीस वर्षं पाणी सोडण्याचं काम करणारा, साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. पाईपलाईनच्या जवळच कुणा पुण्याच्या साहेबांनी नवीन फार्महाऊस बांधलं होतं, पोहण्याच्या तलावासकट. तो तलाव तुडुंब आणि वाडी कोरडी, म्हणजे तात्या चोरून पाणी देतो. झालं! सरपंचबाईंनी मला सांगितलं की शुक्रवारी ग्रामसभा आहे, त्याआधी साहेब तुमचा रिपोर्ट द्या. लाईनला गळती असेल तर दुरुस्ती करू. नसेल तर तात्यांना कामावरून काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. एकोणीस वर्षांच्या इमानदारीवर चोरीचा शिक्का बसायचा की नाही, ते माझ्या एका वाक्यावर ठरणार होतं.

मी जुनं ड्रॉइंग काढलं. टाकी ते वाडी, सरळ रेघ. गळती शोधायची आमची जुनी पद्धत म्हणजे एक लांब काठी. एक टोक पाईपच्या वर जमिनीला टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, गळती असेल तर खळखळ ऐकू येते. तीन दिवस, तपासणीपुरतं पाणी सुरू ठेवून, मी त्या रेघेवरून उन्हातान्हात चाललो. दर वीस पावलांवर वाकायचं, कान लावायचा आणि म्हणायचं, “नाही.” मागून तात्या माझ्यावर छत्री धरून चालायचा. मी “नाही” म्हटलं की तो हळूच “व्हय सायेब” म्हणायचा. आरोपीनेच छत्री धरायची, हे मला तेव्हा खटकलंही नाही. साहेबाला ऊन लागू नये एवढंच त्याच्या डोक्यात!

बुधवारी संध्याकाळी मी रिपोर्टचा मसुदा लिहिला. “वाहिनीत गळती आढळून आली नाही. पाण्याची तूट ही मानवी हस्तक्षेपामुळे होत असावी.” ‘मानवी हस्तक्षेप’ हे शब्द मला फार आवडले होते, खोटं कशाला बोलू.

सरपंचबाई मात्र अडून बसल्या. माणसाला चोर म्हणायच्या आधी निदान एका ठिकाणी खणून डोळ्यांनी बघू, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गुरुवारी सकाळी दहाला वेल्ह्याहून जेसीबी आला. शेदीडशे माणूस जमलं. मी ड्रॉइंगप्रमाणे चुन्याची फक्की टाकून जागा आखून दिली. पण जेसीबीवाला इंजिन सुरूच करेना. नारळ फोडल्याशिवाय जमिनीला दात लावणार नाही म्हणाला. आता या गोष्टीवरून कोण वाद घालणार? कुणीतरी दुकानातून नारळ आणला आणि मोठा माणूस म्हणून माझ्या हातात दिला. मग सगळे फोडायला चांगला दगड शोधू लागले. तुम्हाला सांगतो, सगळा डोंगर दगडांचा, आणि या लोकांना एक दगड पसंत पडेना.

ऊन मी म्हणत होतं. चुन्याच्या खुणेपासून पन्नास-साठ फुटांवर एक करंजाचं झाड होतं, दाट सावलीचं. मी जाऊन तिथं उभा राहिलो. बाकी सगळी माणसं टळटळीत उन्हात, करंजाखाली मी एकटाच. मला वाटलं, बघा, अजून हुद्द्याला मान आहे.

नारळ माझ्या उजव्या तळहातावर आडवा होता, शेंडी बोटांकडे. आणि मोबाईल डाव्या हातात, ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी बघत होतो. तेवढ्यात तळहाताला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. बघतो तर नारळ हळूहळू शेंडी उचलतोय. झोपेतून उठणारं माणूस जसं आधी कोपरावर येतं, तसा. आणि मग उभा. सरळ. ओळंबा लावून घ्यावा इतका सरळ.

पहिला विचार माझ्या मनात काय आला? की कुणी बघायच्या आत हा आडवा केला पाहिजे! मोबाईल खिशात टाकला, डाव्या हाताने नारळ दाबून आडवा केला. हात काढला — परत उभा. पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा. दहा पावलं बाजूला गेलो, तर आडवा. शहाण्या मुलासारखा. मनात म्हटलं, चला, वारा असेल. खात्री करायला परत करंजाखाली आलो, तर गडी पुन्हा ताठ. वारा? अहो, पान हलत नव्हतं!

मान वर केली तर शेदीडशे माणूस माझ्याकडे बघतंय. पाणाड्यांच्या विरोधात भाषणं ठोकणारा मी, हातावर उभा नारळ घेऊन सगळ्यांसमोर. लपवू तरी कुठं? जेसीबीवाला हात जोडून खाली उतरला.

मी म्हणालो, हा तोल जाण्याचा प्रकार आहे, हाताच्या स्नायूंची सूक्ष्म हालचाल होते, याला शास्त्रीय कारण आहे. कुणी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांचं एकच, हितंच खणा. मी ड्रॉइंग उघडून दाखवलं. इथं पाईपच नाही तर खणायचं कशाला? खाली कातळ आहे, मशीनचे दात जातील. मी चांगलाच तापलो होतो. तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा तात्या आपण होऊन बोलला.

“सायेब, एकच खड्डा. उद्या ग्रामसभा हाय.”

एवढंच बोलला. त्याच्या हातात माझी मिटलेली छत्री होती. मला नाही म्हणता आलं नाही.

उभा नारळ फोडायला जेसीबीवाल्यानेच नको म्हटलं आणि इंजिन सुरू केलं. चार फूट खणल्यावर पाईप लागला. माझ्या सरळ रेघेपासून साठ फूट लांब! त्याचा जोड पूर्ण निखळलेला, आणि पाणी धो-धो कातळाच्या भेगेत चाललेलं. वर ओलीचा थेंब नाही, म्हणून इतके दिवस कुणाला दिसलं नाही. तात्या होता तिथंच मातीच्या ढिगाऱ्यावर मटकन बसला. सरपंचबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी खड्ड्यात बघत उभा, आणि हातातला नारळ अजून उभाच.

उलगडा सोपा होता. सरळ रेघेवर कातळ लागला असणार, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी कुणाला न सांगता पाईप करंजाकडून वळवून नेला. ड्रॉइंग तसंच सरळ राहिलं. म्हणजे तीन दिवस मी ज्या जमिनीला काठी लावत होतो तिथं पाईपच नव्हता. पाईप नसलेल्या जागी गळती नाही, हे मी दर वीस पावलांवर छातीठोकपणे सांगत होतो!

आणि करंजाखाली कुणी का उभं राहत नव्हतं, तेही कळलं. माझा हुद्दा वगैरे काही नाही. त्या जागी सकाळच्या वेळी जमिनीतून कुणीतरी गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा, म्हणून सगळं गाव ती जागा टाळायचं. तात्यानेही ऐकला होता. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तात्या, अहो मग मला सांगायचं ना. तर तो म्हणाला, “सायेब, कागदावर तितं पाईप न्हवता. मग भूतच आसनार की.”

यात काय चुकीचं आहे सांगा. माझ्या कागदावर विश्वास ठेवला तर दुसरा निष्कर्षच निघत नाही.

‘माझ्या’ कागदावर म्हणतोय, कारण जीपमधे बसून मी ड्रॉइंगचा खालचा कोपरा पहिल्यांदा नीट बघितला. ‘प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली’, आणि खाली सही. माझीच! वीस-बावीस वर्षांपूर्वी मी शाखा अभियंता होतो. दिवस लख्ख आठवला. भाताच्या खाचरांत चिखल होता आणि माझ्या पायात नवेकोरे बूट होते. मी रस्त्यावरूनच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, पडताळणी केली होती.

शुक्रवारी ग्रामसभेत माझ्या सत्काराची शाल तयार होती. रातोरात जोड बसवून वाडीला धो-धो पाणी आलेलं, तात्यावरचा आळ गेलेला, आणि साहेबांच्या हाताला गुण आहे म्हणून गावभर चर्चा. गप्प बसलो असतो तर ड्रॉइंगचं कुणी विचारलंही नसतं. पण शाल अंगावर पडायच्या आधीच उठलो आणि सगळं सांगितलं. सही माझी, चूक माझी, मी चिखलात उतरलो नव्हतो, तात्याचा यात काडीचा दोष नाही. एवढा जीव गोळा करून कबुली दिली, तर मागून एक म्हातारा म्हणाला, “आसू द्या सायेब. तुमी नारळाचं सांगा.” शाल घालूनच सोडलं मला.

पुढचे हाल विचारू नका. रविवारी सकाळी दारात माणसं उभी, नसरापुरापासून पालीपर्यंतची. आमच्या बोअरची जागा दाखवा! आमच्याच खात्यातल्या एका वरच्या साहेबांनी फोन करून आधी दोन फायलींचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, आमच्या प्लॉटवर एकदा येऊन जाल का, नारळ मी आणतो. मी स्वतः गच्चीवर, न्हाणीघरात, नळाच्या मेन लाईनवर, अगदी ऑफिसच्या आवारातही नारळ घेऊन फिरलो. एकदाही उभा राहिला नाही. महिनाभर घरात नारळाच्या वड्या आणि चटणी. त्या करंजाखालीही परत जाऊन आलो, पाईप दुरुस्त झाल्यावर. आडवाच.

म्हणाल, आवाज तुम्ही नकळत ऐकला असेल आणि हात आपोआप हलला असेल. मीही तेच म्हणतो. पण त्या दिवशी खणायचं म्हणून सकाळी सातचं पाणी साडेआठलाच बंद केलेलं होतं. दहा वाजता करंजाखाली मी उभा राहिलो तेव्हा व्हॉल्व्ह बंद, चावी तात्याच्या कमरेला. मग खड्ड्यात पाणी कुठून आलं? व्हॉल्व्हच्या नोंदींचं लॉगबुक मी तीनदा तपासलं, वेळ साडेआठच. तात्या शपथेवर सांगतो, बंद केला होता. सरपंचबाईही तेच सांगतात. व्हॉल्व्ह जुना आहे, गळत असेल, असं मी रिपोर्टात लिहिलं. ‘गळती शोधण्याची पद्धत’ या रकान्यात ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ लिहिलं.

ग्रामसभेनंतर तात्या मला जीपपर्यंत सोडायला आला होता. मी त्याची परत एकदा माफी मागितली. तो पायातल्या चपलेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सायेब, तुमी तीन दिस काठी लावून न्हाई म्हनत व्हता. यवढा शिकलेला मानूस न्हाई म्हनतोय म्हंजी न्हाईच. मग मला वाटाया लागलं, रातीचं झोपंत उठून म्याच तर व्हाल फिरवत न्हाई ना. म्या घरात कारभारनीला सांगितलं. ती तीन रात्री माझ्या मनगटाला आपल्या पदराची गाठ मारून निजली.”

त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. वर हसून म्हणाला, गाठ सकाळी तशीच असायची, तवा लई बरं वाटायचं.

नारळ का उभा राहिला ते मला आजही सांगता येत नाही, कुणाला येत असेल तर खाली जरूर लिहा. ती गाठ का मारावी लागली ते मात्र मला सांगता येतं, म्हणून इतकं सगळं लिहिलं.